मानसोल्लासांतील मत्स्यविनोद : कोश, जलाशय व माशांचीं नांवें

संस्कृत ग्रंथ वाचणाऱ्यास एक अनुभव वारंवार येतो. वनस्पतीचें, पक्ष्याचें किंवा माशाचें अपरिचित नांव आलें म्हणजे तो टीकेकडे वळतो, आणि टीकाकार ‘मत्स्यविशेषः’ एवढें सांगून पुढच्या पदाकडे जातो. कोश उघडला तरी बहुधा तेंच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ति १८५७) हा आमच्या भाषेचा अमोल ठेवा आहे, परंतु माशांच्या कित्येक नांवांपुढें ‘एक जातीचा मासा’ याहून अधिक त्यांतही मिळत नाहीं. शब्द हातीं राहतो व वस्तु निसटते. हस्तलिखितांच्या संग्राहकांस ही अडचण विशेष जाणवते. कारण ज्या शब्दाची वस्तु ठाऊक नाहीं, त्याचा शुद्ध पाठ ठरविण्यासही आधार उरत नाहीं.

या अडचणीचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांतील मत्स्यविनोद हें प्रकरण होय. गळानें मासे धरण्याचा विनोद हा त्याचा विषय. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या प्रकरणांतील नांवांचा उलगडा केवळ कोशांच्या साहाय्यानें व्हावयाचा नाहीं. त्याचें अर्धें साधन दख्खनच्या नद्या व जलाशय आणि कोंकणच्या खाड्या यांवर उपजीविका करणाऱ्यांच्या तोंडीं आहे, आणि तें साधन आमच्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहे.

(१) ग्रंथ व ग्रंथकार

कल्याणीच्या चालुक्य वंशांतील सहावा विक्रमादित्य याचा पुत्र सोमेश्वर हा इ. स. ११२६ च्या सुमारास गादीवर आला व ११३८ पर्यंत त्यानें राज्य केलें. ‘भूलोकमल्ल’ व ‘सर्वज्ञ’ हीं त्याचीं बिरुदें. त्याचा ग्रंथ ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या दोन्ही नांवांनीं ओळखला जातो. ग्रंथांतील ज्योतिषविषयक गणनेंत शके १०५१ चा उल्लेख असल्यामुळें त्याचा रचनाकाल इ. स. ११२९ च्या आसपास निश्चित होतो. पांच विंशति व प्रत्येकींत वीस अध्याय, अशी शंभर अध्यायांची ही रचना आहे. गजाननराव श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५, १९३९ व १९६१ अशा तीन खंडांत प्रसिद्ध झाला.

चौथ्या विंशतींत राजाचे विनोद सांगितले आहेत. हत्ती, घोडे, मल्ल, कोंबडे, लावे, मेंढे, कुत्रे व ससाणे यांच्या पंक्तींत मासेही येतात. तिसऱ्या विंशतींतील अन्नभोगांत माशांचे पाक सांगितलेले आहेतच. म्हणजे ग्रंथकारास मासा पाण्यांत व पात्रांत असा दोन्ही ठिकाणीं परिचित होता. तथापि दोन्ही प्रकरणांची दृष्टि भिन्न आहे. पाकाच्या प्रकरणांत मासा पदार्थ आहे. मत्स्यविनोदांत तो प्रतिस्पर्धी आहे.

(२) प्रकरणाचें स्वरूप

मत्स्यविनोदांत सुमारें पस्तीस प्रकारचे मासे सांगितले आहेत. त्यांची वांटणी पाहण्यासारखी आहे. समुद्रांतले कोणते व नदींतले कोणते, अंगावर खवलें असलेले कोणते व नुसत्या कातडीचे कोणते, आकारानें मोठे, मध्यम व लहान कोणते, असा क्रम आहे. पुढें माशांचें खाद्य, त्यानुसार आमिष, आणि काठी, दोर व गळ हीं साधनें यांचा विचार आहे. मासे आधीं चारा टाकून पोसावे व जागेस सरावलेले करावे, मग गळ टाकावा, ही गोष्ट ग्रंथकारानें सांगितली आहे. जलाशयांत मासे पोसण्याचा हा उल्लेख मत्स्यसंवर्धनाच्या इतिहासकारांनींही महत्त्वाचा मानिला आहे.

प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रांत या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला, तेव्हां मत्स्यशास्त्र जाणणाऱ्या वाचकाच्या हातीं तें प्रथम नीटपणें पडलें. इंग्रजींतील गळाच्या मासेमारीवरील पहिला छापील ग्रंथ १४९६ सालचा आहे. त्याहून मानसोल्लास साडेतीन शतकांहून अधिक जुना. परंतु या वडीलपणाचा डौल मिरविण्यांत फारसें हंशील नाहीं. ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या इलियननें मासेडोनियांतील नदीवर पिसांच्या कृत्रिम माशीनें मासे धरण्याची रीत याच्याही सुमारें नऊ शतकें आधीं वर्णिली आहे. मत्स्यविनोदाचें खरें मोल त्याच्या वयांत नसून त्याच्या पद्धतींत आहे. माशाचें पाणी, त्वचा, आकार व आहार या चार खुणा ग्रंथकारानें दिल्या. नांव लेखकाच्या हातून बिघडलें तरी या खुणांवरून मासा ओळखण्याची वाट त्यानें मोकळी ठेविली.

उदाहरणार्थ, आहाराची खूण घ्या. आमच्या नद्यांतील खडशी, म्हणजे दख्खनचा महसीर, हा धान्य, कांठच्या झाडांचीं पडलेलीं फळें, शिंपले व किडे असें सर्व कांहीं खातो. म्हणून तो पिठाच्या गोळीसही येतो. शिंगाळा हा मांसाहारी. त्यास लहान मासा लावावा लागतो. तेव्हां कोणत्या नांवापुढें कोणतें आमिष सांगितलें आहे हें पाहिलें म्हणजे अर्धा निर्णय होतो. गळ टाकणारास ही गोष्ट शिकवावी लागत नाहीं. कोश चाळणारास ती सहसा सुचत नाहीं.

(३) त्यापूर्वीचे उल्लेख

मासा व जलाशय यांचा राजसत्तेशीं संबंध जुना आहे. सेतूंतील, म्हणजे बांधून अडविलेल्या पाण्यांतील मासे, नावा व भाजी यांवर राजाचें स्वामित्व असावें, असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत अवध्य प्राण्यांची यादी असून ठराविक तिथींस मासे मारूं नयेत व विकूं नयेत अशी आज्ञा आहे. त्या यादींत जलचरांचींही कांहीं नांवें आहेत, आणि लेख वाचला जाऊन पावणेदोनशें वर्षें उलटलीं तरी त्यांतील कित्येक नांवांचा अर्थ वादग्रस्त आहे. दगडावर कोरलेलें अक्षर टिकलें. त्याचा मासा टिकला नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत पाठीन, रोहित, राजीव व सिंहतुंड हे मासे येतात. अमरकोशाच्या वारिवर्गांत याहून मोठी यादी आहे. भागवताच्या एकादश स्कंधांतील अवधूतानें जिभेच्या लोभानें गळास लागणारा मासा गुरु केला, आणि नाथांच्या शके १४९५ मधील टीकेमुळें तो दृष्टांत महाराष्ट्राच्या घरोघरीं पोंचला. परंतु दृष्टांतास मासा कोणता याची गरज नसते. ती गरज प्रथम सोमेश्वरास पडली, कारण त्यास तो धरावयाचा होता.

त्याच्या काळीं दख्खनमध्यें मोठे जलाशय बांधले जात होते. कोल्हापूरचा शिलाहार राजा गंडरादित्य यानें मिरज प्रांतांत ‘गंडसमुद्र’ नांवाचा तलाव खोदवून त्याच्या कांठीं शिव, बुद्ध व अर्हत् यांचीं मंदिरें उभारल्याचें त्याच्या ताम्रपटांतून कळतें. जलाशयांत मासे पोसण्याचें प्रकरण अशा काळांत लिहिलें जावें हें स्वाभाविक होय.

समुद्रांतील माशांचीं नांवें समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या कल्याणीस कशीं पोंचलीं, हा प्रश्न येथें उपस्थित होतो. गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी यास सहाव्या विक्रमादित्याची कन्या मैळलदेवी दिलेली होती. म्हणजे तो सोमेश्वराचा मेहुणा. गोपकपट्टण ही त्याची राजधानी जुवारीच्या मुखाजवळ होती. या शरीरसंबंधामुळें किनाऱ्यावरील माणसें व वस्तु यांचा राबता कल्याणीस असला पाहिजे, व त्यांबरोबर शब्दही गेले असले पाहिजेत, असें आमचें अनुमान आहे.

(४) नांवांचा विचार

मत्स्यविनोदांतील नांवें दोन थरांचीं आहेत. पाठीन, रोहित यांसारखीं नांवें जुन्या कोशांतील होत. बाकीचीं बरींच देशी दिसतात. दोन्ही थरांत संशोधकास निरनिराळे धोके आहेत.

देशी थरांतील ‘सोर’ हें नांव घ्या. संस्कृत कोशांत त्याचा शोध व्यर्थ आहे. परंतु तेलुगु भाषेंत आजही मुशीला सोर म्हणतात. ‘शृंगसोर’ हें पुढचें नांव त्याच कुळांतील. आमच्या मराठी किनाऱ्यावर मुशी हाच शब्द रूढ असल्यामुळें केवळ मराठी जाणणारास हा शब्द अडेल, व तेलुगु मच्छीमारास तो क्षणांत उमगेल.

उलट ‘रोहित’ हें नांव सोपें वाटतें, म्हणून त्यांतच मोठा धोका आहे. आपण लगेच रोहू म्हणतों. परंतु रोहू हा मुख्यतः उत्तरेकडील गंगा-सिंधूच्या खोऱ्यांतला मासा. दख्खनच्या जलाशयांत आज जो सर्वत्र आढळतो तो आधुनिक काळांत बीज आणून सोडलेला आहे. कल्याणीच्या राजानें रोहित म्हटलें तेव्हां त्याच्यापुढें उत्तरेचा रोहू होता, कीं दख्खनचाच एखादा तांबूस मासा होता, हें नांवावरून ठरविणें अयोग्य होय. कोशांतील शब्द देशोदेशीं फिरतो. मासा आपली नदी सहसा सोडीत नाहीं.

‘पाठीन’ या शब्दाचा पर्याय अमरकोशांत ‘सहस्रदंष्ट्र’ असा आहे. हिंदींत पढिन हें नांव ज्या माशास आहे त्याचें तोंड विशाल असून त्यांत बारीक दातांच्या रांगा असतात, व अंगावर खवलें नसतात. येथें कोश, लोकांतील नांव व प्रत्यक्ष मासा हे तीनही साक्षी एकमतानें बोलतात. ‘मद्गुर’ व मांगूर यांचीही गोष्ट तशीच.

आणखी एक उदाहरण. संस्कृत कोशांत ‘गर्गर’ नांवाचा मासा आहे. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यांत ‘घोगरा’ नांवाचा मासा आहे. दोन्ही शब्द ध्वनीच्या अनुकरणानें बनलेले दिसतात. एकापासून दुसरा निघाला असा आग्रह आम्ही धरीत नाहीं. परंतु नागरी लिपींत ‘घ’ व ‘ध’ यांची गफलत लेखकांकडून नेहमीं होते हें संग्राहकांस सांगावयास नको. ज्यास घोगरा हें नांव ठाऊक आहे, तो अशा जागीं ‘ध’ पाहून थबकेल; ज्यास ठाऊक नाहीं, तो तसाच छापील.

(५) सायक्सचा धडा

नांवें जतन करण्याचें एक काम या देशीं पूर्वींच झालेलें आहे. लेफ्टनंट कर्नल सायक्स हे १८२४ ते १८३१ या काळांत मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत असतां येथील मासेही पाहत होते. त्यांचा ‘दख्खनचे मासे’ हा निबंध १८३९ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेनें प्रसिद्ध केला. माशांस शास्त्रीय नांवें देतांना त्यांनीं पुष्कळ ठिकाणीं मराठी नांवेंच रोमन लिपींत लिहून घेतलीं. पुण्याच्या मुळा-मुठेंतील महसीर ‘खुद्री’ झाला. शिंगाळा ‘सींघाला’ झाला. शिंगटी ‘सींगटी’, घोगरा ‘गोग्रा’, कोळस ‘कोलस’ व ताकरी ‘ताक्री’ झाली. जगांतील कोणत्याही देशाचा मत्स्यशास्त्रज्ञ आज हीं नांवें उच्चारतो तेव्हां पेशवाई बुडाल्यानंतरच्या पहिल्या पिढींतील भोयांचे शब्दच तो उच्चारीत असतो.

आमच्या मतें सायक्सचा निबंध हें मराठी शब्दांचें एक हस्तलिखितच होय, आणि त्यास हस्तलिखिताचे सर्व नियम लावले पाहिजेत. लेखक परभाषी, लिपि परकी, र्‍हस्वदीर्घ अनिश्चित, ट-त व ड-द यांचा भेद लुप्त. ‘खुद्री’ या अक्षरांमागें खडशी-खडची या शब्दाचें कोणतें रूप होतें, हा पाठनिर्णयाचाच प्रश्न आहे. फ्रान्सिस डे यांच्या ‘भारतांतील मासे’ (१८७५-७८) या ग्रंथांत ठिकठिकाणीं मराठी नांवें नमूद आहेत. ती या निबंधाची दुसरी प्रत समजावी. तिसरी प्रत मात्र कागदावर नाहीं. ती नदीकांठीं आहे.

(६) जलाशयांची आजची स्थिति

शरद् ऋतु हा गळाचा खरा काळ. अगस्तीच्या उदयानें पाणी निवळतें ही कालिदासानेंही वर्णिलेली समजूत आमच्याकडे जुनी आहे. आणि गळ टाकणाराचा अनुभव तिला दुजोरा देतो. पावसाच्या आरंभीं मासे अंडीं घालण्यासाठीं ओढ्यांतून वर चढतात. कोंकणांत त्यांस चढणीचे मासे म्हणतात. भाद्रपद सरतां सरतां ओढे उतरतात, मासे परत खोल पाण्यांत येतात, गढूळपणा जातो, व भुकेला मासा आमिष पाहूं शकतो. आमच्या रत्नागिरीच्या बाजूस गरी टाकून मासे धरण्यास ‘गरवणें’ असा सुटसुटीत धातु आहे. समुद्र व खाडी यांमध्यें जाये करणारा जिताडा हा येथील मोठा मानाचा मासा. रायगडांत जिताडा, आणि सिंधुदुर्ग-गोव्याकडे चोणक. एका किनाऱ्यावर दीडदोनशें मैलांत एका माशाचीं अशीं नांवें बदलतात, हें मत्स्यविनोदाच्या वाचकानें ध्यानांत ठेवावें.

बांधांनीं हें चक्र मोडलें. लोणावळ्याचे विजेचे तलाव, त्यांवरील खोपोलीचें वीजगृह १९१५ सालचें. त्यानंतर १९६० ते १९७० या दशकांत कोयनेचा जलाशय. कोयनेचें पाणी, जें कऱ्हाडास कृष्णेला मिळावयाचें, तें आज सह्याद्रि पोखरून चिपळूण तालुक्यांत उतरतें व वाशिष्ठींतून दाभोळच्या खाडीस जातें. बांधांमुळें जलाशय वाढले, पण चढण अडली. त्या जलाशयांत उत्तरेकडील कटला, रोहू व मृगळ सोडले गेले; १९५२ सालीं भारतांत आणलेला आफ्रिकेचा तिलापिया त्यांत पसरला. बाजारांत मासा वाढला हें खरें. परंतु तरुण भोयाच्या जाळ्यांत जे चार-पांच मासे येतात तेवढींच नांवें त्यास लागतात. आजा ज्या वीस नांवांनीं मासे ओळखीत असे, त्यांस त्याच्या घरांतच गिऱ्हाईक उरलें नाहीं.

नांव गेल्यानें मासाही कसा जातो, याचें एक उदाहरण द्यावयास हवें. लोणावळ्याच्या वळवण येथें १९७० नंतर दख्खनच्या महसीराची कृत्रिम पैदास सुरू झाली. दुर्मिळ होत चाललेला मासा वांचविण्याचें तें काम स्तुत्यच होतें. परंतु तेथील पिलें पुढें कावेरींतही सोडलीं गेलीं, कारण महसीर म्हणजे महसीर अशी समजूत. कावेरींतला मोठा, कुबड असलेला महसीर ही निराळी जाति होती. पिलांच्या वंशापुढें ती मागें पडली. २००७ मध्यें केरळांतील पांबार नदींतल्या नमुन्यांवरून वर्णिलेल्या जातीशीं तिची ओळख २०१८ सालीं पटली, आणि त्याच वर्षीं ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. गळ टाकणारे दीड शतक तिला पाहत होते. तिला शास्त्रांत स्वतःचें नांव मिळेपर्यंत ती संपत आली. ‘मत्स्यविशेषः’ एवढ्यावर थांबण्याची किंमत कोशकारापुरती राहत नाहीं, ती ही अशी.

याच्या उलट चित्रही आहे. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडींत देवीचे मासे म्हणून महसीर पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत. तेथें गळ पडत नाहीं. या नदीचें पाणी सावित्रींतून आमच्या बाणकोटास समुद्राला मिळतें. मूळ प्रत एखाद्या देव्हाऱ्यांत सुरक्षित सांपडावी, तसा हा प्रकार आहे.

(७) कर्तव्य

आमची सूचना साधी आहे. मत्स्यविनोदाच्या चार खुणा घ्याव्या व त्यांचाच तक्ता करावा : माशाचें स्थानिक नांव, जसें ऐकलें तसें, ट-त व ड-द यांचा भेद संभाळून, पाणी कोणतें, नदी, जलाशय, खाडी कीं समुद्र, खवलें कीं कातडी, पूर्ण वाढीचा आकार, आहार व त्यास लावावयाचें आमिष. यास दोन रकाने आणखी जोडावे : कोणत्या महिन्यांत मिळतो, आणि गेल्या वेळीं कधीं मिळाला. सांगणारांत भोई, खारवी, गाबीत व दालदी या सर्वांचा समावेश व्हावा. स्त्रियांस तर अवश्य विचारावें, कारण बाजारांत नांव त्या घेतात. ज्यांच्याजवळ मानसोल्लासाच्या प्रती अथवा त्रुटित पत्रें असतील, त्यांनीं मत्स्यविनोदांतील नांवांचे पाठभेद, अशुद्ध भासले तरी, आहेत तसे उतरून घ्यावे. एका अक्षराच्या अशुद्धींतच मूळ देशी शब्द दडलेला असण्याचा संभव आहे.

ताम्रपट जमिनींत शंभर वर्षें अधिक राहिला तरी वाचतां येतो. पोथीस कसर लागली तरी उरलेलें पान बोलतें. वृद्ध भोयाच्या तोंडचें नांव मात्र एकाच प्रतींत असतें, व त्या प्रतीची नक्कल करण्यास मिळणारा काळ मोजका आहे. येत्या शरदांत जलाशयांचें पाणी निवळेल तेव्हां आमच्या वाचकांपैकीं कोणी वही घेऊन कांठावर गेला, आणि त्यानें दहा नांवें जरी खुणांसह लिहून आणलीं, तरी सोमेश्वराच्या ग्रंथावरील तो नव्या टीकेचा आरंभ होईल.